खुर्ची कोणी उसवली?

१. कापड

खुर्चीचं पोट फाडलेलं होतं.

मामा आणि मी हॉस्पिटलातून परतलो तेव्हा कारखान्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. मामाने ते पायाने ढकललं, कारण त्याच्या एका हातात माझ्या तपासण्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातावर मी. मला पायऱ्या चढवत नाहीत. दारापुढच्या दोन पायऱ्याही नाहीत.

हिरवं मखमली कापड पाठीपासून बैठकीपर्यंत सुरीने चिरलेलं. कापूस एका बाजूला, घोड्याचे केस एका बाजूला, गोणपाट भिंतीशी, स्प्रिंगा कोपऱ्यात आडव्या पडलेल्या. मधोमध नुसता लाकडाचा सांगाडा, सगळे कपडे उतरवून तपासणीला उभा केल्यासारखा. ते कसं वाटतं हे मला चांगलं ठाऊक आहे.

"मेलो," मामा म्हणाला, आणि मला खाली ठेवायचंच विसरला.

मग त्याने मला ठेवलं. मी त्या पसाऱ्यातून अनवाणी चालत जाऊन सांगाड्याला हात लावला. माझे पाय सुजतात, कुठलीच चप्पल होत नाही.

आई थोड्या वेळाने आली. ती वस्तीच्या सभागृहात बाकांच्या गाद्या पोचवायला गेली होती. दारातच थांबली. ओरडली नाही, रडली नाही.

"तू आधी बस," ती मला म्हणाली.

२. कापूस

आमचं काम गाद्या-सोफ्यांचं. आजोबांनी सुरू केलं, आता आई आणि मामा करतात. माझ्या हृदयाला काय झालंय हे डॉक्टरांनी खूप वेळ समजावलं. सगळं ऐकून आई म्हणाली, "म्हणजे स्प्रिंग सैल पडलीय." डॉक्टर म्हणाले, "बरोबर. पण ही पुन्हा बांधता येत नाही. बदलावी लागेल."

बदलायची तर नाव प्रतीक्षायादीत चढायला हवं, आणि त्याआधी हॉस्पिटलात मोठी अनामत भरायला हवी. वस्तीने जमवली तेवढी जमवली. शाळेने नाटक केलं, बसवाल्यांनी एक दिवसाचा पगार दिला. तरी मोठं भगदाड राहिलंच. ते बुजवणार होती ही खुर्ची.

खुर्ची डॉक्टरीणकाकूंनी दिली होती. त्यांचे यजमान आमच्या भागातले जुने डॉक्टर. ते गेले, खुर्ची राहिली. कुठल्याशा राजवाड्यातली, दोन पिढ्यांपूर्वीच्याही आधीची, असं सगळी वस्ती ऐकून होती. हॉटेलवाल्या बाईंनी भगदाड बुजेल एवढी पहिली बोली लावायचं कबूल केलं होतं. अट एकच. त्यांचा पारखी आधी खुर्ची उलटी करून, उघडून बघणार. तो उद्या येणार होता. लिलाव रविवारी.

हवालदार आला. "म्हणजे खुर्ची चोरीला गेली का मारली गेली?" त्याने विचारलं आणि काय लिहावं हे त्याला सुचेना, म्हणून तो गेला.

समोरचा सायकलवाला मात्र काही न विचारता बोलला. "दुपारी दलाल आला होता. दाराशी घुटमळत होता. मी दोन गिऱ्हाइकं केली, हा तिथंच."

दलाल म्हणजे डॉक्टरीणकाकूंचा मुलगा. घरं विकतो, म्हणून दलाल. खुर्ची लिलावाला द्यायची नाही म्हणून तो स्वतःच्या आईशी कडाकडा भांडल्याचं सगळ्यांना माहीत होतं.

काकू स्वतःच धापा टाकत आल्या. ढिगाकडे बघून खाली बसल्या. "लहानपणी म्हणायचा, बाबांनी खुर्चीत काहीतरी लपवलंय. एवढा मोठा झाला तरी डोक्यातून गेलं नाही वाटतं." पदर तोंडाशी धरला. "पोटचा आहे म्हणून पाठीशी घालणार नाही मी. माझ्या दारात नको तो आता."

"जाऊ द्या काकू," आई म्हणाली. "कोणाचं नाव घेऊ नका."

"तू भली आहेस म्हणून बोलतेस."

आई माझ्या पाठीशी आणखी एक उशी सरकवून आत गेली.

३. घोड्याचे केस

मला आडवं झोपता येत नाही, छातीत पाणी चढल्यासारखं होतं. म्हणून आईने मला उतरती गादी शिवून दिलीय, कारखान्यातच खिडकीजवळ. दर थोड्या दिवसांनी ती गादीत एक थर वाढवते आणि आम्ही दोघीही त्याबद्दल बोलत नाही. त्या गादीवर टेकून दिवसभर बघत राहणं एवढंच माझं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ढिगाकडे बघत राहिले.

कापडाच्या कडांना खिळ्यांची भोकं होती. गोल, स्वच्छ, एकही फाटलेलं नाही. म्हणजे खिळे पट्टीने उचलून एकेक करून काढले होते. चिरलेलं कापड ओढून काढलं असतं तर भोकं लांबट फाटली असती.

मग चिरलं कशाला?

सुरीने चिरणारा खिळे काढत बसत नाही, आणि खिळे काढून झाल्यावर चिरायचं काही कारण उरत नाही. दोन वेगवेगळी कामं झाली होती. आधी कोणीतरी खुर्ची नीट उघडली. मग कोणीतरी चोराचं सोंग आणलं.

थरही वेगळे ठेवलेले. चोर कापूस आणि केस निवडून दोन ढीग करत नाही. ते आम्ही करतो, केस धुऊन पुन्हा वापरता येतात म्हणून. हात इतका सवयीचा होता की सोंग आणतानाही त्याला गोंधळ घालता आला नाही.

असे हात आमच्या वस्तीत दोघांचेच.

मला दम लागला. उठले नव्हते, हललेही नव्हते.

४. गोणपाट

"मामा, काल मला तपासणीला आत नेलं, तेव्हा तू कुठे होतास?"

मामा तोंडात खिळे धरून एका स्टुलाला कापड ठोकत होता. तो खिळे तोंडातच ठेवतो, एकेक जिभेने पुढे आणतो, आणि निम्मे जमिनीवर सांडतो. मी दोन वर्षांची असताना त्याचं बघून एक खिळा गिळला होता. तेव्हापासून तो मला खिळू म्हणतो. आईने मात्र त्यानंतर कधी खिळा तोंडात धरला नाही.

"बाहेर बाकावर," तो खिळ्यांमधून म्हणाला.

"नर्सबाईंनी दोनदा तुला हाक मारली. बाक रिकामा होता."

"चहाला गेलो असेन."

"माझ्या दोन तपासण्या झाल्या तोवर? चहाचा मळा तोडायला गेला होतास का?"

त्याने सगळे खिळे हातात थुंकले. "तू हवालदार कधीपासून झालीस गं?"

"तेवढ्या वेळात रिक्षाने इथे येऊन परत जाता येतं."

हातोडी त्याने खाली ठेवली. मग शर्टाच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला लांब कागद काढला, रेघांचा, माझे असतात तसला.

"तुझ्या डॉक्टरांनी मागे सांगितलं नव्हतं का, हा आजार घराण्यातून येऊ शकतो म्हणून? मला जिना चढताना धडधडतं. म्हटलं आलोच आहोत तर काढून घेऊ." तो कसनुसा हसला. "पट्ट्या चिकटवायला माझी छाती भादरली त्यांनी. खाजतंय कालपासून."

"आणि?"

"काही नाही. वजन कमी करा म्हणाले. ताईला बोलू नकोस. एक आहे तेवढं पुरे आहे तिला."

मी कागद बघितला. अशा रेघा वाचायला मी शिकलेय. त्याचं हृदय अगदी ठीक चाललं होतं. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण चार हातांतले दोन हात गळाले होते.

मग मी दलालाला फोन लावला. मला अजून चूक ठरायचं होतं.

५. स्प्रिंगा

"बोल."

"हो, आलो होतो. सायकलवाला खोटं नाही बोलत."

"तुझ्या आईशी बोलायचं होतं. काय ते तुला नाही सांगणार."

"वाजवलं ना. कितीदा तरी."

"नाही, नाही. कुलूप नव्हतं. आतून कडी होती."

"आतून म्हणजे आतूनच. ढकललं तर दार हललं, उघडलं नाही. आणि आत कोणीतरी होतं. टक, टक, असा आवाज येत होता. म्हणून तर थांबलो. मग आवाज बंद झाला. मी वाजवलं की बंद व्हायचा."

"पोलिसांना? मला कोणी विचारलंय का? सगळ्यांचं ठरलंय. आई फोन घेत नाही माझा."

"खुर्चीत काय असणार? केस. घोड्याचे. लहान असताना म्हणायचो मी, ते वेगळं."

"जुनी?" इथे तो हसला, पण मजेने नाही. "किती जुनी ते बाबांनाच विचारायला हवं होतं."

"काही नाही. सहज म्हटलं. तू सांभाळ गं. आणि रागावू नकोस. तुझ्या पैशांच्या आड यायचं नव्हतं मला."

६. पट्टे

आई मशीनवर होती. पारखी यायला अवकाश होता. हॉटेलवाल्या बाईंना 'पारखी पाठवू नका' असं कळवायला मामा निघून गेला होता.

"सुतळी कुठे आहे?" मी विचारलं.

मशीन थांबलं. "कसली?"

"स्प्रिंगा बांधलेली. ढिगात कापूस आहे, केस आहेत, गोणपाट, पट्टे, सगळं आहे. सुतळीचा तुकडासुद्धा नाही. खजिना शोधायला आलेला चोर सुतळी घेऊन जातो का?"

"उंदीर नेतात."

"आणि खिळे? एवढे खिळे निघाले त्या खुर्चीतून. काल मी तिथे अनवाणी फिरले. एक टोचला नाही. चोराने जमिनीवरून लोहचुंबक फिरवलं होतं, आई. मामा असता तर माझ्या पायांची चाळण झाली असती."

ती पाठमोरीच म्हणाली, "तू अनवाणी फिरतेस ना."

एवढंच. मला वाटलं होतं मला राग येईल.

मग तिने स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. बैठकीतून करकर आवाज येत होता, म्हणून पारखी यायच्या आधी एक स्प्रिंग घट्ट करावी, एवढ्यासाठी तिने खुर्ची उघडली होती. आत आजोबांची गाठ होती. दोनदा उलटी फिरवून घेतलेली. ती गाठ त्यांनी स्वतः शोधून काढली होती आणि फक्त आपल्या दोन्ही मुलांना शिकवली होती.

"दुरुस्तीला आली असेल कधीतरी," मी म्हटलं.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून आणखी उघडली. लाकूड बघ."

मी बघितलं. बाहेरून काळंभोर, आतून कालच रंधा मारल्यासारखं फिकट.

"व्हिनेगरमध्ये गंजके खिळे टाकून ठेवायचे बाबा. त्या पाण्याने नवं लाकूड जुनं दिसतं. लहानपणी ते भांडं मीच ढवळायचे." तिने हात पुसले, काही लागलेलं नसताना. "माझ्या बापाने खोटी खुर्ची राजवाड्यातली म्हणून त्या भल्या डॉक्टरांच्या गळ्यात मारली. आणि आपण ती तुझ्या नावाने पुन्हा विकणार होतो."

"सांगायचं होतंस."

"कोणाला? पारखी उघडणारच होता. त्याला पाहताक्षणी कळलं असतं. खुर्ची खोटी म्हटल्यावर लोक सगळंच खोटं धरतात. मुलगी खरंच आजारी आहे का, तेही. ज्यांनी दिलंय ते परत मागायला आले असते, मग जमलेलंही गेलं असतं. चोरी झाली तर लोक निदान हळहळतात. सुतळी जाळली. कापड चिरताना हात धजत नव्हता. चांगलं कापड होतं."

"आणि दलाल?"

"त्याचं नाव येईल असं कुठे वाटलं होतं मला. नेमका तेव्हाच दार वाजवायला लागला. मी आत गाठ हातात धरून बसले होते, श्वास रोखून. कालपासून घास उतरत नाही."

तिने दार वाजल्याचं सांगितलं आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट हलली. काकूंशी भांडलेला माणूस माझ्या आईशी बोलायला का आला होता? आणि 'बाबांनाच विचारायला हवं होतं' म्हणजे काय?

"आई, त्यांना बोलाव," मी म्हटलं. "दोघांना. एकाच वेळी."

७. लाकूड

काकू मुलाकडे न बघता आल्या आणि त्याच्यापासून जमेल तितक्या लांब बसल्या. आईने उभ्यानेच सगळं सांगितलं. आजोबांचंही. एक शब्द गाळला नाही.

दलालच आधी बोलला.

"फसवलं नाही हो कोणी. बाबांनी ती खुर्ची तुमच्या वडिलांकडून सांगून करवून घेतली होती. मी होतो बरोबर. शाळेत होतो तेव्हा. ते घाणेरड्या वासाचं भांडं मलाही ढवळायला मिळालं होतं."

"काय बोलतोस?" काकू म्हणाल्या. कालपासूनचा त्यांचा त्याच्याशी पहिला शब्द.

"तुला जुनी खुर्ची हवी होती ना, कोणाच्या तरी दिवाणखान्यात बघितलेली. बाबांना परवडेना. मग यांच्याकडे आले. आणि तू इतकी खूश झालीस की त्यांना पुढे खरं सांगवेना. पाहुणे आले की गोष्ट वाढायची. आधी नुसती जुनी होती, मग वाड्यातली झाली, मग राजवाड्यातली. मला शपथ घातली होती. म्हणून मी म्हणायचो, खुर्चीत काहीतरी लपवलंय. तू लिलावाला काढलीस तेव्हा अडवायला गेलो. पण बाबा थाप मारत होते हे तुला कोणत्या तोंडाने सांगू? म्हटलं, निदान यांना गाठून सांगावं. तर दार उघडेना."

दाराच्या एका बाजूला हा उभा होता, सांगायला आलेला, आणि दुसऱ्या बाजूला आई, लपवायला बसलेली. मध्ये एक कडी.

"म्हणजे," काकू सावकाश म्हणाल्या, "इतकी वर्षं मी पोरांना त्या खुर्चीवर चढू दिलं नाही."

"मला तर बसूसुद्धा दिलं नाहीस."

"धुतल्या पायांनीसुद्धा नाही." त्यांनी सांगाड्याकडे बघितलं. "त्या माणसाला खोटं बोलायला दुसरं काही सापडलं नाही?" आणि त्या हसायला लागल्या, मग रडायला, आणि मुलगा उठून त्यांच्याजवळ जाऊन बसला. त्यांनी सरकून जागा दिली.

सुटलं सगळं. फक्त भगदाड होतं तिथेच होतं.

८. लाकूड, पट्टे, स्प्रिंगा, गोणपाट, केस, कापूस, कापड

हॉटेलवाल्या बाईंना आईने स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "जुनी नसेल तर मला नको. पण सांगितलंत हे बरं केलंत. रविवारी येईन."

रविवारी सभागृहात आईने तेच सगळ्यांसमोर सांगितलं. सभागृहात कुजबुज झाली. एकजण उठून म्हणाला, आपले दिलेले पैसे परत हवेत. आईने मान हलवली आणि मामाने त्याला तिथल्या तिथे ते दिले. तो हातात घेऊन उभा राहिला, काय करावं ते न कळल्यासारखा, मग पुन्हा खाली बसला.

"ही खुर्ची माझ्या वडिलांनी केली," आई म्हणाली. "मी ती मोडली. आता तुमच्यासमोर पुन्हा करते. मग काय द्यायचं ते ठरवा."

लाकूड. मामाने सांगाडा टेबलावर ठेवला. पट्टे, ताणून, एकात एक विणून. स्प्रिंगा. आईने नवी सुतळी दातांनी तोडली आणि दोनदा उलटी फिरवून पहिली गाठ घेतली, हात उंच धरून, मागच्यांनाही दिसेल अशी. गोणपाट. मामाच्या तोंडात खिळे नव्हते. मी बघितलं, डबीतून घेत होता. केस चढत होते तेव्हा पहिली बोली आली, काकूंची. दुसरी मागून आली. काकूंनी वाढवली. मागच्याने वाढवली. कापूस होईपर्यंत दोघेच उरले, आणि काकू चिडून मागे वळल्या.

"कोण आहे तो?"

"अगं आई, मीच आहे."

"मग मला बसू तरी देशील का त्यावर?"

"पाय धुऊन आलीस तर."

सभागृह खदखदलं. खुर्ची त्याला गेली, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. हिशोब ज्यांना यायचा त्यांचे चेहरे मला दिसत होते. कापड ठोकून झालं तेव्हा हॉटेलवाल्या बाई पुढे आल्या. खुर्चीखाली वाकून त्यांनी गाठी बघितल्या. मग आईला विचारलं, जेवणाच्या दालनासाठी अशा किती करता येतील. नव्या. नवीन म्हणूनच. निम्मे पैसे आधी.

आईने मामाकडे बघितलं. मामाने आपल्या छातीवर हात ठेवला, खाजवल्यासारखं केलं, आणि म्हणाला, "होतील."

मंगळवारी हॉस्पिटलातल्या बाईंचा फोन आला. नाव चढलं. फोन कायम जवळ ठेवा, गाव सोडून जाऊ नका, एखादं हृदय मिळालं आणि हाक आली की लगेच निघायचं. आई प्रत्येक वाक्याला हो म्हणत होती. मामा खुर्च्यांचं लाकूड उतरवून घेत होता, तो तसाच फळी खांद्यावर घेऊन थांबला.

आईने फोन ठेवला. मला वाटलं आता ती हसेल. ती माझ्या गादीच्या कडेला टेकली, माझे पाय मांडीवर घेतले आणि सूज किती आहे ते अंगठ्याने दाबून बघत राहिली.

"कुठेतरी एक बाई असेल," ती म्हणाली. "तिला अजून काहीच माहीत नाही. तिचं पोर आत्ता बाहेर निघालं असेल, आणि ती त्याला म्हणत असेल, जपून जा."

मामाने फळी हळूच खाली ठेवली.

"खरंच जपून जावं त्याने," आई म्हणाली. आणि माझा पाय तिने तसाच घट्ट धरून ठेवला.